तिथींची मुंबई आणि वारांची मुंबई

शहरांचे इतिहास लिहिणारे बहुधा किल्ल्यापासून आरंभ करतात, आणि बंदर, व्यापार, गिरण्या, गव्हर्नर, दंगे व सुधारणा या क्रमानें पुढें जातात. तो क्रम कांहीं चुकीचा नाहीं. परंतु ज्या शहरांत लाखों माणसें केवळ पोट भरण्यासाठीं आलीं, त्या शहराविषयीं आणखी एक प्रश्न विचारण्याजोगा आहे; आणि तो दिसावयास क्षुल्लक असला तरी त्याचें उत्तर सहजासहजीं हातीं येत नाहीं. या माणसांस मोकळा दिवस केव्हां मिळे, आणि तो मिळाला म्हणजे बायकामुलांस घेऊन तीं कोठें जात? श्रमाचा इतिहास लिहिणारांस विश्रांतीचा इतिहास गौण वाटतो. वास्तविक पाहतां मनुष्य कोणासाठीं श्रम करतो हें त्याच्या कामाच्या दिवसापेक्षां त्याच्या सुटीच्या दिवशींच अधिक स्पष्टपणें कळून येतें.

मुंबईपुरतें बोलावयाचें तर या प्रश्नाचें उत्तर दोन निरनिराळ्या पंचांगांत विभागलेलें आहे. एक पंचांग तिथींचें. त्यांतील सुट्या चंद्र ठरवितो, पाऊस ठरवितो, दर्याचें उधाण ठरवितें. दुसरें पंचांग वारांचें. त्यांतील सुटी दर सात दिवसांनीं बिनचूक येते व ती गिरणीचा भोंगा आणि कचेरीचें घड्याळ यांच्या हिशेबानें चालते. गेल्या दीड-दोनशें वर्षांत मुंबईकर कुटुंब पहिल्या पंचांगांतून दुसऱ्या पंचांगांत कसें आलें, येतांना त्यानें काय मिळविलें आणि काय मागें ठेविलें, हें पाहणें हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

तिथींची मुंबई प्रथम पाहूं. गोविंद नारायण माडगांवकर यांनीं १८६३ सालीं ‘मुंबईचें वर्णन’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि शहराच्या इमारतींबरोबर तेथील लोकांच्या रीतिभातींचीहि दखल घेतली. त्या काळच्या मुंबईकराचें वर्ष दोन घटनांनीं दुभागलेलें असे : पाऊस लागून दर्या बंद होणें, आणि श्रावणी पौर्णिमेस तो पुन्हां खुला होणें. म्हणूनच नारळी पौर्णिमा हा केवळ कोळ्यांचा सण राहिला नाहीं. ज्या शहराचें सारें धान्य, लांकूडफांटा, कौलें व माणसें तारवांतून येत, त्या शहराला दर्या शांत झाल्याचा आनंद सार्वजनिक वाटावा यांत नवल नाहीं. त्या दिवशीं दर्यावर नारळ सोडण्यासाठीं गिरगांवच्या किनाऱ्यावर सर्व जातींचे लोक जमत. इंग्रजांनींहि या दिवसास आपल्या भाषेंत ‘नारळाचा दिवस’ असें नांव देऊन टाकलें होतें.

त्यानंतर जत्रांची रांगच लागते. भाद्रपदांत घरोघरचे गणपति. १८९३ पासून त्यांत गिरगांवांतील केशवजी नाईकांच्या चाळींतल्यासारखे सार्वजनिक गणपतीहि आले. सप्टेंबरांत वांद्र्याच्या टेकडीवर मोतमाउलीची जत्रा. आश्विनांत नवरात्र, आणि महालक्ष्मीस लोकांची रीघ. कार्तिकी पौर्णिमेस वाळकेश्वरीं बाणगंगेच्या कांठीं दिवे. थंडीच्या दिवसांत, डिसेंबरच्या सुमारास, माहीमला मखदूम अली माहिमी यांचा उरूस. पौषांत प्रभादेवीची जत्रा. माघांत महाशिवरात्रीस घारापुरीचीं व जोगेश्वरीचीं लेणीं. आषाढी एकादशीस ज्यांस पंढरपूर घडत नसे त्यांना वडाळ्याचा विठोबा होताच. या यादींत हिंदूंचें दैवत आहे, मुसलमानांचा पीर आहे, ख्रिस्ती लोकांची माउली आहे. आणि मौज ही कीं जत्रेला जाणारें कुटुंब यांपैकीं कोणाचीहि यात्रा चुकवावी असें मानीत नसे. मोतमाउलीपुढें मेणाचे हातपाय नवसानें वाहणाऱ्यांत आजही हिंदु व पारशी कुटुंबें पुष्कळ असतात.

ही यादी नकाशावर मांडून पाहिली तर एक गोष्ट चटकन् ध्यानांत येते. वाळकेश्वर, महालक्ष्मी, प्रभादेवी, माहीम, वांद्रें, वडाळा, घारापुरी. हीं सारीं ठिकाणें जुन्या शहराच्या कडेला आहेत, कोटाच्या आंत त्यांतील एकहि नाहीं. याचें कारण उघड आहे. हीं दैवतें शहरापेक्षां जुनीं आहेत. मखदूम अली माहिमी १४३१ सालीं वारले, म्हणजे पोर्तुगीज येण्यापूर्वीं कित्येक वर्षें. मुंबई जेव्हां सात बेटांची होती तेव्हां ज्या त्या बेटाचें दैवत ज्या त्या बेटावर होतें; पुढें शहर वाढत वाढत त्यांच्यापर्यंत पोंचलें. वरळीच्या खाडीवरील बांध १७८४ च्या सुमारास पुरा झाला. हा बांध समुद्र पुन्हां पुन्हां तोडीत होता, आणि पाण्यांतून देवीच्या मूर्ति बाहेर काढल्यावरच तो टिकला, अशी महालक्ष्मीची आख्यायिका आहे. आख्यायिकेचा खरेंखोटेपणा बाजूस ठेवला तरी तिच्यांतील मर्म खोटें नाहीं : बेटें जोडण्याचें श्रेय लोकांनीं गव्हर्नरास दिलें नाहीं, देवीस दिलें. माहीम व वांद्रें यांच्यामध्यें खाडी होती व ती होडीनें ओलांडावी लागे. जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनीं दिलेल्या देणगींतून तेथें रस्ता झाला तो १८४५ सालीं. त्यानंतर मोतमाउलीची वाट पायीं व गाडीनें सुकर झाली. अशा रीतीनें मुंबईच्या कुटुंबाला आपल्या शहराचा विस्तार ठाऊक झाला तो सरकारी नकाशांवरून नव्हे, तर जत्रांच्या वाटेवरून.

जत्रेचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. घरांतील स्त्रीला बाहेर पडण्यास ज्या काळांत कारण द्यावें लागे, त्या काळांत देवदर्शन हें असें कारण होतें कीं ज्यास सासूहि नाहीं म्हणूं शकत नसे. नवरात्रांत महालक्ष्मीस गेलेली सून ओटी भरून लगेच परत येत नसे. समुद्र पाहून, कांकणें भरून, मुलांस पिपाणी घेऊन, माहेरच्या ओळखीची कोणी भेटल्यास तिच्याशीं चार शब्द बोलून ती परते. देवाचें नांव हा परवाना होता. त्या परवान्यावर वारा, गर्दी आणि मोकळें आकाश हीं तिघेंहि मिळत. हें ढोंग होतें असें आम्हांस वाटत नाहीं. भक्ति आणि हौस यांची फारकत करण्याची गरज ज्या समाजाला पडली नव्हती, त्या समाजाचें तें सरळ वागणें होतें.

आतां दुसऱ्या पंचांगाकडे वळूं. १८६२ च्या नोव्हेंबरांत भायखळ्यास व्हिक्टोरिया उद्यान खुलें झालें. लोकांनीं त्यास राणीचा बाग म्हटलें, आणि त्याचें अधिकृत नांव पुढें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असें झाल्यावरहि लोकांच्या तोंडीं तेंच जुनें नांव राहिलें. त्याच आवारांत १८७२ सालीं वस्तुसंग्रहालय उघडलें. त्यास १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव आहे. या संग्रहालयाबाहेर उभा असलेला दगडी हत्ती मूळचा घारापुरीचा. म्हणजे ज्या बेटावर लोक शिवरात्रीस जात त्या बेटाचा हत्तीच बागेंत येऊन उभा राहिला. पुढें जिवंत प्राणीहि आले, आणि मुंबईच्या मुलानें पहिला वाघ पाहिला तो येथेंच. बागेला तिथि लागत नाहीं. तेथें नवस नाहीं, प्रसाद नाहीं, सोंवळेंओंवळें नाहीं. देवाच्या नांवावांचून केवळ पाहण्यासाठीं, हिंडण्यासाठीं घराबाहेर पडावें, ही कल्पना मराठी कुटुंबाच्या अंगवळणीं पाडण्यांत या बागेचा वांटा मोठा आहे.

परंतु बाग असून भागत नाहीं. तेथवर पोंचावें लागतें. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणें आगगाडी धांवली, हें शाळकरी मुलासहि ठाऊक आहे. कुटुंबाच्या फेरफटक्यास तिच्यापेक्षां ट्रॅम अधिक उपयोगी पडली. १८७४ च्या ९ मे रोजीं घोड्यांची ट्रॅम कुलाबा ते पायधुणी, व बोरीबंदरहून काळबादेवीच्या वाटेनें पायधुणी, अशा दोन रस्त्यांनीं सुरू झाली. १९०७ सालीं ती विजेवर चालूं लागली. १९२६ मध्यें मोटारबस आली, आणि १९६४ च्या ३१ मार्च रोजीं ट्रॅमनें मुंबईचा निरोप घेतला. या मधल्या नव्वद वर्षांत मध्यम स्थितींतील गृहस्थास थोडक्या पैशांत सहकुटुंब चौपाटी, अपोलो बंदर, मलबार टेकडीवरची बाग हीं ठिकाणें गांठतां येऊं लागलीं. पूर्वीं गाडीघोडा हें श्रीमंतांचें लक्षण होतें. ट्रॅमनें तें थोडेंबहुत सर्वांचें केलें.

तथापि सर्वांत कठीण प्रश्न उरतोच. बाग झाली, ट्रॅम झाली, पण दिवस कोणापाशीं होता? सरकारी व व्यापारी कचेऱ्यांतील कारकुनास रविवार मिळे. मुंबईची पहिली कापडाची गिरणी १८५४ सालीं स्थापन झाली व पुढें गिरण्यांची संख्या झपाट्यानें वाढली; परंतु गिरणींतील मजुरास ठराविक साप्ताहिक सुटी नव्हती. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम, आणि यंत्रें साफ करण्यासाठीं रविवारींहि बोलावणें, हा नित्याचा प्रकार होता. १८८१ च्या कायद्यानें महिन्यांतून चार सुट्या दिल्या, पण त्या कामावरील मुलांपुरत्याच. मुलास सुटी आणि बापास काम, ही त्या कायद्याची कुटुंबाविषयींची कल्पना!

या अन्यायाविरुद्ध जो मनुष्य उभा राहिला त्याचें नांव नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुले यांचे हे अनुयायी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक, व स्वतः गिरणींत नोकरी केलेले. १८८४ सालीं त्यांनीं मजुरांच्या सभा भरविल्या, गिरणी कामगारांचा संघ उभारला, आणि साडेपांच हजार मजुरांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढें ठेविला. रविवारीं पूर्ण विश्रांति मिळावी ही त्यांतील अग्रस्थानीं असलेली मागणी होती. १८९० च्या २४ एप्रिलला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार मजूर जमले, आणि त्या सभेंत दोन मजूर स्त्रियांनीं भाषणें केलीं. त्याच वर्षीं १० जून रोजीं गिरणीमालकांच्या संघानें साप्ताहिक सुटी मान्य केली. रविवार हा इंग्रजांच्या धर्माचा वार म्हणून मिळाला असा अनेकांचा समज आहे. मुंबईच्या गिरणींत तो मागून घ्यावा लागला, आणि मागणाऱ्यांच्या दृष्टीनें तो खंडोबाचा वार होता.

ज्या महालक्ष्मीस नवरात्रांत बायका ओटी भरण्यास जात, त्याच परिसरांत मजुरांनीं आपल्या सातव्या दिवसाची मागणी केली, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. तिथींच्या मुंबईनें ज्या मोकळ्या जागा लोकांच्या ओळखीच्या केल्या होत्या, त्यांतच वारांची मुंबई जन्मास आली.

येथपर्यंत ही कथा विजयाची आहे. परंतु ‘कुटुंब’ हा शब्द आम्ही वर जितक्या सहजतेनें वापरला तितक्या सहजतेनें तो त्या काळच्या सर्व मुंबईकरांस लागू पडत नव्हता. १९२१ च्या शिरगणतींत मुंबईंत दर हजार पुरुषांमागें स्त्रियांची संख्या सव्वापांचशेंच्या आसपास होती. या एका आंकड्यांत सहस्रावधि घरांची स्थिति सांगितलेली आहे. गिरणींतील मजूर, गोदींतील हमाल, घरगडी, शिपाई हे रत्नागिरी, सातारा, कुलाबा या जिल्ह्यांतून आलेले. ते एका खोलींत दहा-बारा जण राहत, खाणावळींत जेवत, व मनिऑर्डर गांवीं पाठवीत. लोखंड्यांच्या प्रयत्नानें रविवार मिळाला खरा. पण ज्याचीं बायकामुलें पेण किंवा रोह्याच्या गांवांत, त्यानें राणीच्या बागेंत कोणास घेऊन जावें? त्याच्या पदरांत दिवस पडला, कुटुंब पडलें नाहीं. म्हणून तो वारांच्या पंचांगानें काम करी आणि तिथींच्या पंचांगानें जगे. रविवार तो कपडे धुण्यांत, भजनांत, तालमींत किंवा गांवकऱ्यांच्या खोलीवर गप्पांत घालवी. त्याची खरी सहल वर्षांतून एकदोनदांच घडे : शिमग्याला नाहीं तर गणपतीला गांवीं जाणें.

धाटाव हें असेंच एक गांव. रोह्याहून कोलाडकडे जाणाऱ्या वाटेवर, कुंडलिका नदीच्या खोऱ्यांत तें वसलेलें आहे. भाताची शेती, पावसाळ्यांत चिखलाच्या वाटा, आणि पावसाळा सरल्यावर रिकामे हात, ही या खोऱ्याची जुनी रीत. कुंडलिका रोह्यावरून पुढें जाऊन रेवदंड्याजवळ समुद्रास मिळते. त्यामुळें भरतीच्या पाण्यावर रोहें-अष्टमीपर्यंत गलबतें येत व येथील तांदूळ मुंबईस जाई. माणसेंहि त्याच दिशेनें जात. मुंबईहून परत येणारास एक वाट अशी कीं, आगबोटीनें रेवस किंवा धरमतर गांठावें, आणि तेथून पेण, नागोठणें करीत बैलगाडीनें, पुढें मोटारीनें, आपल्या गांवीं यावें. आज ज्यास आपण कुलाबा जिल्हा न म्हणतां १९८१ पासून रायगड म्हणतों, त्या साऱ्या मुलखाचें मुंबईशीं असलेलें नातें दीर्घकाळ पाण्यावरचें होतें.

त्या नात्याची किंमत किती होती हें १९४७ च्या १७ जुलै रोजीं दिसून आलें. त्या दिवशीं आषाढी अमावास्या होती. श्रावण लागण्यापूर्वींचा सण घरीं साजरा करावा म्हणून अनेक चाकरमानी सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे जाणाऱ्या ‘रामदास’ बोटींत चढले. दर्या खवळलेला होता. काशाच्या खडकाजवळ बोट उलटली, आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. कांहीं पोहून वांचलीं, कांहींस कोळ्यांच्या मचव्यांनीं उचललें. स्वातंत्र्यदिनास तेव्हां महिनाहि उरला नव्हता, आणि त्या गडबडींत या मृतांची आठवण देशाच्या इतिहासांत फारशी नोंदली गेली नाहीं. कुलाब्याच्या गांवांतून मात्र ती पिढ्यान् पिढ्या राहिली. नारळी पौर्णिमेपूर्वीं दर्यांत जाऊं नये, हा तिथींच्या पंचांगाचा जुना नियम. नोकरीच्या पंचांगांतून कशीबशी सवड काढलेल्या माणसास तो पाळतां येत नव्हता. या अपघाताचीं कारणें अनेक असतील. पण दोन पंचांगांमध्यें सांपडलेल्या मनुष्याची ओढाताण किती जीवघेणी असते याचें याहून दारुण उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

जी जत्रा गांठण्यासाठीं हीं माणसें असा प्रवास करीत, तिचें स्वरूप काय होतें? रोह्याचें ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं त्यांची पालखी निघते व शहरांतील आळींआळींतून फिरते; पालखी निघतांना सशस्त्र पोलीस मानवंदना देतात. देव घरापाशीं येतो, त्याला घरच्या सुना ओंवाळतात, आणि मुंबईहून आलेला मनुष्य पालखीला खांदा देतो. माहीमच्या उरुसांतहि पहिला संदल मुंबईच्या पोलिसांचा असतो. मराठी मुलखांतील एका गांवांत सरकार देवीदेवतांस सलामी देतें आणि महानगरांत पिराच्या दर्ग्यावर पोलीस चादर चढवितात, यांत राज्यकर्त्यांनीं ओळखलेलें एक जुनें सत्य आहे. जत्रेच्या दिवशीं गर्दीचा खरा मालक सरकार नसतें. त्या दिवशींच्या मालकास मान देऊनच व्यवस्था राखावी लागते.

पेणची गोष्ट याहून निराळी व तितकीच बोलकी आहे. तेथील कारागीर वर्षभर गणपतीच्या मूर्ति घडवितात, आणि त्या मुंबईच्या बाजारांत जातात. भाद्रपदाच्या सुमारास पेणहून गणपति मुंबईस निघतात, आणि मुंबईहून चाकरमानी गणपतीसाठीं गांवास निघतात. शहरानें गांवाची माणसें घेतलीं व गांवाकडूनच देवहि घेतला. हा व्यवहार एकतर्फी होता असें मात्र म्हणतां येत नाहीं. कारण मुंबईच्या पगारावरच गांवांतील कित्येक घरांचीं मखरें उभीं राहिलीं.

मुंबईनें या खोऱ्याकडून पाणीहि घेतलें. मावळांत मुळशीला टाटा कंपनीचें धरण झालें. जमिनी बुडणाऱ्या शेतकऱ्यांच्या बाजूनें पांडुरंग महादेव बापट यांनीं १९२१ पासून जो सत्याग्रह चालविला त्यामुळें ते सेनापति बापट झाले. सत्याग्रह हरला, धरण उभें राहिलें, आणि १९२७ सालीं सह्याद्रीच्या पायथ्याशीं भिरा येथें वीज निघूं लागली. सुमारें पांचशें मीटर खालीं पडून वीज देणारें तें पाणी कुंडलिकेंत येतें, व कोलाड, धाटाव, रोहें करीत समुद्रास जातें. म्हणजे मुंबईच्या गिरण्या व दिवे ज्या पाण्यानें चालले, तेंच पाणी आपलें काम उरकून, जेथें गिरणीमजुराचें कुटुंब वाट पाहत बसलें होतें त्या गांवांवरून वाहत गेलें. पाण्याच्या योगानें उन्हाळ्यांतहि नदी भरली, कालवे झाले. पुढें याच पाण्याच्या आधारावर धाटावला औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि रसायनांचे कारखाने आले. ज्या गांवांतून माणसें गिरणींत जात होतीं, त्या गांवींच कारखान्याचा भोंगा येऊन पोंचला.

यानें चित्र उलटें झालें. १९८६ सालीं आपट्याहून रोह्यापर्यंत आगगाडी आली. १९९८ सालीं कोकण रेल्वे पुरी झाली आणि रोहें हें तिचें उत्तरेकडील टोंक ठरलें. आतां शनिवार-रविवारीं मुंबईचीं कुटुंबें या खोऱ्यांत येतात. भिऱ्याचें पाणी सकाळीं सोडलें कीं कोलाडजवळ कुंडलिकेच्या धारेंत रबरी तराफे सोडतात, व शहरांतील मुलें त्यांत बसून किंचाळत, हंसत खालीं येतात. त्याच पाण्याच्या पुढल्या वळणावर धाटावचा कामगार पाळीवर जात असतो. त्याला साप्ताहिक सुटी आहे. आजोबांस नव्हतें तें सुख आहे, कीं बायकामुलें एका छपराखालीं आहेत. पण धावीर महाराजांची पालखी त्याच्या सुटीच्याच वारीं येईल असें नाहीं, आणि त्या दिवशीं त्यालाहि रजेचा अर्ज द्यावा लागतो. नदी पूर्वीसारखी निर्मळ राहिली नाहीं ही गोष्टहि येथें नमूद केली पाहिजे. कुंडलिकेच्या या भागांतील प्रदूषण सरकारनेंच मान्य केलेलें आहे.

या साऱ्यावरून तिथींचें पंचांग चांगलें व वारांचें वाईट, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा होईल. जुन्या जत्रेच्या आठवणी काढतांना आपण सोयीस्करपणें कांहीं गोष्टी विसरतों. जत्रेचें मैदान सर्वांचें होतें, पण गाभारा सर्वांचा नव्हता. अस्पृश्य मानलेल्या कुटुंबास देवळाच्या पायरीवरूनच परतावें लागे. मुंबई इलाख्यांत मंदिरप्रवेशाचा हक्क कायद्यानें मिळाला तो १९४७ सालीं. राणीच्या बागेच्या फाटकावर वाघ पाहण्यासाठीं जात सांगावी लागत नव्हती. ट्रॅमच्या बांकावर शेजारी कोण बसला हें पाहण्याची सोय नव्हती. मजुराचा रविवार कोण्या एका जातीचा नव्हता, दहा हजारांचा होता. वारांच्या पंचांगानें समतेचा जो धडा दिला तो तिथींच्या पंचांगास स्वतः होऊन देतां आला नाहीं, हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे.

उलटपक्षीं, तिथींनीं जें दिलें तें वारांस देतां येत नाहीं. रविवार सर्वांचा असतो, म्हणूनच तो कोणत्याहि एका जागेचा नसतो. जत्रा मात्र एका जागेची, एका ऋतूची असते. ती पावसाची, समुद्राची, पिकाची आठवण करून देते. नारळी पौर्णिमा ज्यास ठाऊक आहे त्यास समुद्र केव्हां खवळतो हेंहि ठाऊक असतें. दुसरें असें कीं जत्रेस तिकीट नसतें. महालक्ष्मीच्या किंवा वांद्र्याच्या वाटेवर खिशांत चार पैसे असलेला व चारशें रुपये असलेला असे दोघेहि सारखेच चालतात. आजची सहल हळूहळू दाराशीं पैसे मोजून आंत जाण्याची होत चालली आहे. काम नसलेल्या दिवशीं पैसे न देतां जेथें कुटुंबानें बसावें अशी जागा मुंबईंत दरसाल दुर्मिळ होते. चौपाटी, शिवाजी उद्यान या जागा अद्याप आहेत त्या कोणाच्या उदारपणामुळें नव्हे, तर लोकांनीं पिढ्यान् पिढ्या तेथें जाऊन त्या आपल्या केल्या म्हणून आहेत.

वांद्र्याच्या मोतमाउलीनें या दोन पंचांगांचा झगडा फार पूर्वींच आपल्यापुरता मिटविलेला दिसतो. मेरीमातेचा जन्मदिवस ८ सप्टेंबर. परंतु जत्रा भरते ती त्या तारखेनंतरच्या रविवारापासून आठ दिवस. म्हणजे दिवसाचें पावित्र्यहि राहिलें आणि काम करणाऱ्याची सोयहि झाली. २०२० सालीं महामारीमुळें ही जत्रा भरली नाहीं, लालबागच्या मंडळानेंहि त्या वर्षीं मूर्ति बसविली नाहीं, आणि मुंबईच्या लोकांस प्रथमच असें वर्ष अनुभवावें लागलें कीं ज्यांत तिथीहि नव्हत्या आणि वारहि नव्हते; सारे दिवस एकसारखे. सुटी म्हणजे कामाचा अभाव नव्हे, हें त्या वर्षानें जेवढें शिकविलें तेवढें कोणत्याहि ग्रंथानें शिकविलें नसतें. काम नव्हतें, तरी सुटी नव्हती. कारण जावयाचें ठिकाण नव्हतें आणि भेटावयाचें माणूस नव्हतें.

तात्पर्य, कुटुंबाच्या सहलीला तीन गोष्टी लागतात : मोकळा दिवस, मोकळी जागा आणि बरोबर असलेलीं आपलीं माणसें. तिथींच्या मुंबईनें जागा दिली. लोखंडे व त्यांचे सोबती यांनीं दिवस मिळवून दिला. माणसें मात्र शंभर वर्षें रोहें, पेण, धाटाव येथें वाट पाहत राहिलीं, आणि त्यांना भेटण्यासाठीं कित्येकांनीं दर्याशीं झुंज घेतली. आज दिवसहि आहे व बहुतेकांचीं माणसेंहि बरोबर आहेत. उरली आहे ती जागा. ती राखणें हें या पिढीचें काम आहे, आणि तें काम मागच्या पिढ्यांनीं केलेल्या कामांहून सोपें आहे असें मात्र कोणी समजूं नये.